बँकॉकचं दहा दिवसांचं शिबिर

मानवतच्या बसस्टँडसमोर सिद्धोधनचं दुकान आहे. पाटीवर 'मल्टी सर्व्हिसेस' लिहिलंय आणि आत पीकविम्यापासून पासपोर्टपर्यंत कुठलाही फॉर्म भरून मिळतो. वय चव्वेचाळीस, अंगात पांढरा इस्त्रीचा शर्ट, लग्न केलेलं नाही. का केलं नाही याचं उत्तर गावानंच शोधून ठेवलंय: साधक माणूस आहे. दर जानेवारीत दहा दिवस विपश्यनेच्या शिबिराला जातो, मोबाईल जमा करतो, मौन पाळतो. परत येतो तेव्हा चेहऱ्यावर तेज असतं. त्याची आई धम्मशीलाबाई विहारात बायकांना सांगते की माझा सिद्धोधन संसारात असून संसारात नाही.

तेज असायचं हे खरं. फक्त ते बँकॉकचं असायचं.

पहिल्या वर्षी तो खरोखरच शिबिराला गेला होता. तिसऱ्या दिवशी डोळे मिटून बसल्या बसल्या त्याला ज्ञान झालं ते असं, की दहा दिवस माणसाचा फोन लागत नाही आणि तरी घरच्यांना काळजीऐवजी अभिमान वाटतो, अशी सोय जगात दुसरी नाही. पुढच्या वर्षी त्याने आईला नमस्कार केला, परभणीहून हैदराबादची गाडी पकडली आणि तिथून विमान. तेव्हापासून अकरा वर्षं हे चाललंय. पंचशीलातलं चौथं शील, खोटं न बोलण्याचं, तो वर्षातले साडेतीनशे दिवस तरी पाळतो असं तो स्वतःला सांगायचा.

गावाला फसवणं त्याला कधीच जड गेलं नाही. रोज दुकानात येणारी माणसं बघून त्याचं मत पक्कं झालं होतं. स्वतःचा मोबाईल नंबर ज्यांना पाठ नाही, बायकोचं खरं नाव आधार कार्डावर बघून ज्यांना कळतं, ती माणसं दुसऱ्याच्या घरात कोण कधी झोपतं याचा हिशेब मात्र तोंडपाठ ठेवतात. अशांना खरं सांगणं म्हणजे चांगल्या खऱ्याची नासाडी.

हॉटेल शोधायला तो दिवाळीनंतर बसायचा. दुकानाचं शटर अर्धं ओढायचं, फायली बाजूला सारायच्या आणि बँकॉकच्या सीलोम भागातली चाळीसेक हॉटेलं एकेक करून फेटाळायची. यात त्याचा जीव रमायचा. दारावर इंद्रधनुष्याच्या रंगांचा झेंडा दिसला म्हणून तो भुलायचा नाही. जूनच्या प्राइड महिन्यात झेंडा आणि जुलैत रिसेप्शनवर वाकडं तोंड, अशी हॉटेलं त्याने पाहिली होती. आपल्याकडे चौदा एप्रिलला निळा फेटा बांधून मिरवणाऱ्या आणि पंधराला आम्हाला भाड्याने घर नाकारणाऱ्या पुढाऱ्यांसारखीच ती जात. गोऱ्या प्रवाशांनी लिहिलेले अभिप्राय वाचून तर त्याला हसूच यायचं. कोणाला उशी मऊ पडली, कोणाला शॉवरला जोर नव्हता. अरे, दोन पुरुष एका खोलीची चावी मागतात तेव्हा समोरच्याचा चेहरा कसा होतो ते लिहा, उशीचं आम्ही बघून घेऊ.

त्याची स्वतःची कसोटी होती. हॉटेलला मेल टाकायचा: आम्ही दोघे पुरुष, एकच मोठा पलंग हवा. उत्तरात 'दोन वेगळे पलंग देऊ का' असं आलं की हॉटेल बाद. नुसतं 'हो' आलं की यादीत. मग पाहुण्याचं विचारायचं. तिथे काही हॉटेलं रात्री खोलीवर आलेल्या पाहुण्याचं ओळखपत्र ठेवून घेतात, काही वर पैसेही लावतात. ओळखपत्र ठेवणं त्याला मान्य होतं, दोघांच्याही भल्याचं होतं. पैसे लावणाऱ्यांना तो हावरट म्हणायचा आणि पुढे सरकायचा. शेवटची कसोटी सगळ्यात कडक होती. नाश्त्याला पोहे-उपमा मिळेल असं जिथे लिहिलंय तिथे फुकट दिलं तरी राहायचं नाही. बँकॉकच्या पहिल्याच खेपेला त्याने ही चूक केली होती. दुसऱ्या सकाळी तो उपम्याच्या रांगेत उभा असताना मागून कोणीतरी म्हणालं, "ह्ये मानूस परभनीचं वाटायलंय." तो वळलासुद्धा नाही. ताटली तशीच ठेवून तो निघून गेला आणि उरलेले दिवस मागच्या जिन्याने ये-जा करत राहिला.

रात्री तो सीलोममधल्या एका गल्लीत जायचा. दोन्ही बाजूंना बार, खुर्च्या रस्त्याकडे तोंड करून मांडलेल्या, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पुरुषांकडे पुरुष उघडपणे बघतायत. तिथली माणसंही त्याने नजरेतून उतरवून ठेवली होतीच. सिंगापूरची पोरं दंड फुगवून यायची आणि सगळा वेळ आरशात स्वतःलाच न्याहाळायची. म्हातारे जर्मन एका बिअरवर तीन तास काढायचे. दिल्लीचा एकजण त्याच्याशी छान बोलत होता, पण परभणीचं नाव ऐकल्यावर 'ते कुठे आलं' म्हणून त्याने जी मान फिरवली ती परत वळवलीच नाही. म्हणजे इतका समुद्र ओलांडून आल्यावर इथेही उतरंड होतीच.

पण अकराच्या पुढे आतल्या मोठ्या हॉलमध्ये गाणी सुरू व्हायची आणि सिद्धोधन नाचायला उतरायचा. त्याला एकच नाच येत होता, जयंतीच्या मिरवणुकीतला, दोन्ही हात वर करून. तो तोच नाचायचा. लोक त्याला जागा करून द्यायचे, कोणी त्याच्यासारखे हात वर करून बघायचे, एखादा जवळ येऊन खांद्यावर हात ठेवायचा आणि तो हात तो तसाच राहू द्यायचा. तिथे तो सुखात असायचा.

नसायचा तो फक्त आदिनाथ.

आदिनाथचं मानवतमध्ये बी-बियाणं आणि औषधांचं दुकान, सिद्धोधनच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर. बायको सविता, मुलगी सृष्टी, गावाकडे जमीन, पाहुण्यारावळ्यांत वजन. पंधरा वर्षांपूर्वी लायसन्सचं नूतनीकरण करून घ्यायला तो सिद्धोधनकडे आला, आणि त्यानंतर ज्या कामांना यायची काही गरज नव्हती त्या कामांनाही येत राहिला. महिन्या-दोन महिन्यांतून दोघे परभणीच्या एका लॉजवर भेटायचे. आपल्याकडे बाईमाणूस बरोबर असलं तर लॉजवाला लग्नाचा पुरावा मागतो. दोन गडी एका खोलीत शिरले तर तो टीव्हीवरून मानसुद्धा वळवत नाही. त्यामुळे पलंगाची अडचण त्यांना कधी पडली नाही.

अडचण रस्त्याची होती. लॉजमधून दोघे दहा मिनिटांच्या अंतराने बाहेर पडायचे. एकत्र चहा पितानाही आदिनाथ समोर खताचं बिल पसरून ठेवायचा. सिद्धोधनला त्याच्याकडून एकच गोष्ट हवी होती: बँकॉकच्या त्या गल्लीत एक संध्याकाळ. हातात हात घेऊन वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत चालायचं, मग नाचायचं, आणि ज्याला बघायचंय त्याला बघू द्यायचं. आदिनाथ दरवर्षी हो म्हणायचा. मग एका वर्षी बोंडअळी आली, एका वर्षी सृष्टीची दहावी आली, एका वर्षी सासऱ्याचं बायपास आलं.

"भित्रा हायस तू," सिद्धोधन म्हणायचा. "उंदीर बरा तुझ्यापरिस."

आदिनाथ मान खाली घालायचा. त्याच्यावरचं प्रेम आणि त्याच्याबद्दलची तुच्छता सिद्धोधनने पंधरा वर्षं एकाच ताटात वाढून घेतली होती.

यंदा मात्र योग जुळला. एका बियाणं कंपनीने जास्त माल खपवलेल्या सतरा दुकानदारांची बँकॉकची टूर काढली आणि त्यात आदिनाथ बसला. असल्या टुरा सिद्धोधनला चांगल्या ठाऊक होत्या, कारण यांचे पासपोर्ट त्यानेच काढून दिले होते. घरी नाकाने कांदे सोलणारी ही माणसं. सोबत आचारी, धपाटे, शेंगदाण्याची चटणी. दिवसा बुद्धाच्या सोन्याच्या मूर्तीसमोर फोटो, रात्री जिथे जातात तिथला फोटो नाही. आणि सगळ्यांचं मिळून एकच व्रत: टूरवरचं टूरवर. यांचा म्होरक्या राणीसावरगावचे दत्तराव. ते गेली वीस वर्षं सिद्धोधनच्या दुकानात चहा पीत आले होते, आणि एकदाही त्याच्या घरच्या चहाला त्यांना फुरसत झाली नव्हती. सिद्धोधनने ते कधी बोलून दाखवलं नाही, पण विसरलाही नव्हता.

ठरलं ते असं. सिद्धोधन नेहमीसारखा आधीच 'शिबिराला' जाईल. टूरच्या शेवटच्या दोन रात्री बँकॉकमध्ये, त्यातल्या पहिल्या दिवशी संध्याकाळी सहाला आदिनाथ बॅग घेऊन त्याच्या हॉटेलवर येईल आणि दोन्ही रात्री तिथेच राहील. ग्रुपला काय सांगायचं ते आदिनाथने बघायचं. सिद्धोधनने सातव्या मजल्यावरची खोली घेतली, खिडकीतून गल्लीचं तोंड दिसेल अशी. दोघांसाठी दोन शर्ट घेतले, एक निळा, एक गडद लाल, इस्त्री करून आरशाशेजारी टांगले. पाच वाजल्यापासून तो दाढी करून बसला होता.

सहाला रिसेप्शनवरून फोन आला की तुमचे मित्र आलेत. त्याला वाटलं, एकाला अनेकवचन लावतेय, बाईचं इंग्रजी कच्चं दिसतंय.

तो खाली उतरला आणि लिफ्टचं दार उघडलं. लॉबीत सतरा माणसं उभी होती. डोक्यावर कंपनीच्या हिरव्या टोप्या, एकाच्या हातात स्टीलचा डबा, आणि सगळ्यात मागे, बॅग पोटाशी धरून, पांढराफटक आदिनाथ.

त्याने हात दाखवून अवलक्षण केलं होतं. ग्रुपमधून एकटा गायब होणारा माणूस म्हणजे भानगड, हे सतराही जणांना स्वानुभवाने माहीत असल्यामुळे, संशय नको म्हणून आदिनाथने अख्ख्या तालुक्यात ज्याच्यावर कोणी संशय घेणार नाही अशा माणसाचं नाव सांगितलं. आपल्या गावचे सिद्धोधनभाऊ इथं आहेत, त्यांच्याकडे राहतो. आणि परक्या मुलखात गावचा माणूस आहे म्हटल्यावर त्याला न भेटता जाईल तो मराठवाड्याचा कसला? दत्तरावांनी बसच वळवून आणली होती.

"भाऊ, तुमी हितं कसं?" दत्तराव पुढे आले. "आमी तर ऐकलं, तुमी शिबिराला गेलाव."

तेवढ्यात दत्तरावांची नजर रिसेप्शनच्या मागे लावलेल्या झेंड्यावर गेली. निळा, पिवळा, लाल, केशरी. त्यांनी तो नीट न्याहाळला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आसं हाय व्हय. ह्यो तुमचाच झेंडा की, इहारावरचा. म्हंजी शिबिर हितंच हाय."

विहारावरच्या पंचशील ध्वजात आणि समोरच्या झेंड्यात किती रंगांचा फरक आहे हे सिद्धोधनने सांगायला हवं होतं. त्याने फक्त मान हलवली. "थायलंड बुद्धाचाच देश हाय," तो म्हणाला, आणि आपला आवाज इतका शांत कसा निघाला याचं त्यालाच नवल वाटलं.

मग तर विचारूच नका. मानवतचा मुंजाजी, जो कापसाच्या बियाण्याची पाकिटं छापील किमतीच्या वर विकण्यात पटाईत होता, त्याने दाराशी जाऊन पायातल्या चपला काढल्या. त्याचं बघून बाकीच्यांनीही काढल्या. त्या लखलखीत लॉबीच्या दारात सतरा जोड लागले आणि रिसेप्शनवरची बाई बघतच राहिली. हातात हात घेतलेले दोन तरुण बाहेर निघाले, त्यांच्याकडे कोणाचं लक्षही गेलं नाही. मानवतच्या बाजारात दोस्त तसेच चालतात. गोटा केलेला एक जर्मन खाली उतरला तेव्हा मुंजाजीने त्याला भंते समजून हात जोडले, आणि जर्मननेही जोडले.

"समदे गडीच दिसायलेत," मुंजाजी हळूच म्हणाला.

"शिबिरात बायाचं येगळं असतंय," दत्तरावांनी त्याला समजावलं. "तुला काय म्हाईत."

सिद्धोधनला आतून हसू फुटत होतं. ही माणसं इतकी अडाणी आहेत याचा आयुष्यभर राग राग केला आणि आज तोच अडाणीपणा त्याला पाठीशी घालत होता. सिंहाच्या गुहेत येऊन ही मेंढरं आरती करत होती. आता पाच मिनिटांत यांना चहा पाजून वाटेला लावू, असं त्याने ठरवलं.

पण गावची रीत अशी की खोली बघितल्याशिवाय भेट पुरी होत नाही. बाकीचे खाली थांबले. दत्तराव, मुंजाजी आणि आदिनाथ वर आले. दत्तराव पलंगावर मांडी घालून बसले, डबा उघडला, धपाट्याचा अर्धा तुकडा स्वतः मोडून घेतला आणि तोच डबा सिद्धोधनसमोर धरला. दोघांनी एका डब्यातून खाल्लं. वीस वर्षांत न घडलेली गोष्ट या पलंगावर घडत होती आणि दत्तरावांना त्याचं काही वाटलेलं दिसत नव्हतं. ते ताटलीविना, चटणी बोटाने चाटत, मजेत खात होते.

खाऊन झाल्यावर त्यांनी पलंगाची गादी दाबून पाहिली.

"आदिनाथ, तू बॅग आणलीच हायस तर खुशाल राहा," ते म्हणाले. "पलंग ऐसपैस हाय. दोगं झोपा. तिकडं आमची एका खोलीत तिघंतिघं अडचन होयलीय."

"व्हय," मुंजाजी म्हणाला. "साधूच्या संगतीत ऱ्हाशील दोन रोज."

झालं. पंधरा वर्षं जिची भीती घातली गेली, ती दुनिया पलंगावर मांडी घालून बसली होती आणि दोघं झोपा म्हणत होती. सिद्धोधनने आदिनाथकडे पाहिलं. आता हा मान खाली घालणार, 'नको, मी येतो तुमच्यासोबत' म्हणणार, हे त्याला ठाऊक होतं. त्यासाठी लागणारी तुच्छता त्याने आधीच तयार ठेवली होती.

आदिनाथने बॅग खाली ठेवली. "ऱ्हातो," तो म्हणाला. "मला ऱ्हायचंच हाय, दत्तराव. म्हून तर आलो." मग त्याने टांगलेल्या दोन शर्टांकडे बघितलं, आणि तसंच, मान वर ठेवून, सिद्धोधनकडे. "खाली गल्लीत बी जानार हाव, भाऊसंगं."

दत्तराव सहजच शर्टांकडे बघत होते, का सहज नव्हे, हे सिद्धोधनला कळेना. त्या एका क्षणात त्याला सगळं मानवत दिसलं. आदिनाथ दोन रात्री साधकाच्या खोलीत राहिला ही गोष्ट पारावर सांगितली जाताना दिसली, कोणीतरी हुशार 'एकच पलंग?' असं विचारताना दिसला, आणि विहारात बायकांच्या पुढे बसलेली आई दिसली. अकरा वर्षं जमवलेलं सगळं तेज जाताना दिसलं. ते आपल्याला इतकं प्यारं आहे हे त्याला तोवर माहीतच नव्हतं.

"साधनेत दुसरं मानूस चालत न्हाई," तो म्हणाला. दुकानात फॉर्म नाकारताना लागायचा तसा त्याचा आवाज लागला. "तुमी जा, आदिनाथराव."

आदिनाथराव. पंधरा वर्षांत त्याने त्याला राव कधी लावलं नव्हतं.

आदिनाथ थोडा वेळ तसाच उभा राहिला. 'थांब' एवढं म्हणायला तो वेळ पुष्कळ होता, आणि सिद्धोधनला ते कळतही होतं. मग आदिनाथने बॅग उचलली. दत्तरावांनी डबा तिथेच ठेवला, भाऊंना राहू द्या म्हणाले, आणि निघता निघता वाकून सिद्धोधनच्या पायाला हात लावला.

लिफ्टपाशी त्यांचा आवाज ऐकू येत होता. "लय कडक मानूस," दत्तराव मुंजाजीला सांगत होते. "समदं सोडलंय बगा त्यानं."

"हां," आदिनाथ म्हणाला. "सोडलंय."

लिफ्ट खाली गेली. सिद्धोधनला रडू फुटलं, आणि फुटण्याआधी त्याने उठून दाराची कडी लागली आहे का ते पाहिलं. खाली गल्लीत दिवे लागत होते, खुर्च्या रस्त्याकडे वळवल्या जात होत्या. हॉटेलसमोर बस उभी होती आणि सतरा माणसं आपापल्या चपला शोधून घालत होती. आदिनाथ सर्वांच्या आधी जाऊन बसला, पलीकडच्या खिडकीशी. दत्तरावांनी पायरीवर उभं राहून माणसं मोजली, ती बरोबर भरली, आणि बस निघाली.